अकरा महिन्यांचे ढोबळे सर

आमच्या भौतिकशास्त्र विभागात वर्ष अकरा महिन्यांचं असायचं. हसू नका. मी तिथं एकोणतीस वर्षं मुख्य लिपिक म्हणून टेबलाला चिकटून काढली आहेत, मला माहीत आहे. एक जुलैला कंत्राटी प्राध्यापकाची ऑर्डर निघायची आणि एकतीस मेला ती संपायची. जून महिना त्या माणसाचा ब्रेक. काम सलग झालं तर माणूस उद्या 'मला कायम करा' म्हणेल, म्हणून वर्षातून एकदा त्याला कागदावरून पुसायचं आणि महिन्यानं पुन्हा लिहायचं, अशी ही युक्ती. विश्वाचं वय काढणाऱ्या लोकांच्या विभागात वर्षाचे महिने मात्र अकरा, यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

बारा वर्षं मी ज्यांची ही ऑर्डर टाईप केली ते आमचे ढोबळे सर. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. नाव ढोबळे, आणि माणूस इतका काटेकोर की आईबापांनी आडनाव बदलून घ्यायला हवं होतं, असं मी त्यांना तोंडावर म्हणायची. ते हसायचे. उंची बेताची, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, आणि खिशात पेनाऐवजी टेस्टर. पेन ते माझ्याच टेबलावरून न्यायचे, पण आठवणीनं परतही आणून द्यायचे. प्राध्यापक वर्गात ही दुसरी सवय दुर्मीळ.

गोल आकडा त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "दहा मिनिटांत येतो" असं न म्हणता "अकरा-बारा मिनिटं, एखादं इकडंतिकडं" असं सांगून जायचे आणि खरंच तेवढ्यात यायचे. एकदा फॉर्म भरताना मी वय विचारलं. म्हणाले, "त्रेचाळीस लिहा. पण अधिक-उणे एक धरा जी. जन्मतारीख गुरुजींनी अंदाजानं टाकलेली आहे." मी म्हटलं, "अहो, या रकान्यात अधिक-उणे बसत नाही." तर म्हणाले, "म्हणूनच रकान्यांवर भरवसा ठेवू नये ताई."

सगळा विभाग मला करंदीकर मॅडम म्हणायचा, ते एकटे ताई म्हणायचे. बोलणं अस्सल वऱ्हाडाकडचं. "मी शिकवून राहिलो", "पोरं जर्नल लिहून राहिले". आम्ही पेठेतली माणसं, दुसऱ्याच्या मराठीला हसल्याशिवाय आम्हांला जेवण पचत नाही. मी एकदा म्हटलंच, "ढोबळे सर, करून राहिलो, देऊन राहिलो, असं राहून राहून तुम्ही नक्की कुठं राहिलात हो?" ते शांतपणे म्हणाले, "वारज्याला. भाड्यानं." 

तळमजल्यावरची प्रयोगशाळा हे त्यांचं राज्य. तिथं एक नियम होता आणि तो पोरांना पहिल्याच दिवशी सांगितला जायचा: चुकीचं रीडिंग खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर पट्टीनं एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता यायला हवा, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. "चूक झाली तर झाली," म्हणायचे, "पण ती दिसली पाहिजे. लपवली का ती सडते जी."

एम.एस्सी.च्या एका पोरानं एकदा लंबकाचा प्रयोग न करताच पुस्तकातला गुरुत्वाकर्षणाचा आकडा धरून उलट्या गणितानं रीडिंग रचली. उत्तर आलं बरोब्बर नऊशे ऐंशी. सरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि हात जोडले. "अभिनंदन. या विभागात एवढं अचूक उत्तर आजवर कुणाला आलं नाही. आता ते जाऊन लंबकाला समजावून सांग." पोरगं म्हणालं, "सर, सॉरी, पण रिझल्ट तर करेक्टच आहे ना?" त्यावर सर म्हणाले, "रिझल्ट करेक्ट आहे रे, तू नाही." तीन तास ते त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले, त्याच्याकडून एकेक झोका मोजून घेतला. उत्तर आलं नऊशे एकेचाळीस. त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. तो मुलगा पुढं बाहेर देशी गेला, आणि त्यानं पाठवलेल्या पहिल्या पत्रात आम्हां सगळ्यांना नमस्कार होता, पण पत्र ढोबळे सरांना होतं.

जूनमध्ये ते नसायचे. म्हणजे कागदावर नसायचे. पहिला पाऊस झाला की तळमजल्यात ओल धरते, भिंगांना बुरशी येते, आणि जुन्या निर्वात पंपाचं तेल पाणी धरून बसतं. ब्रेकमध्ये आवारात काम करताना कुणी पाहिलं तर तक्रार व्हायची. मग हे गृहस्थ प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीबाहेर, चिखलात, छत्री घेऊन उभे राहायचे आणि आत असलेल्या शेलारला सूचना द्यायचे. शेलार म्हणजे आमचा प्रयोगशाळा परिचर. "शेलार, झडप डावीकडं. डावीकडं रे बाप्पा, तुझ्या डावीकडं!" मी एकदा वरून ओरडले, "अहो सर, भिजताय कशाला, आत या की!" तर म्हणाले, "मी सध्या नाही ना ताई." मी हसले. घरी जाताना मात्र मला त्याचं वाईट वाटलं होतं, आणि ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता त्या कागदाचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

त्यांचं आठवं वर्ष असावं. जुलैची धांदल, त्याच दिवशी मी एका निवृत्त प्राध्यापकांची मानद नेमणूक टाईप करत होते. ती पूर्ण वर्षाची. तोच मजकूर उचलून नाव बदललं आणि ढोबळे सरांची ऑर्डर केली. तारीख बदलायची राहिली. एक जुलै ते तीस जून. बारा महिने. विभागप्रमुखांनी न वाचता सही केली, वर कुलसचिवांच्या कार्यालयानंही न वाचता शिक्का मारला. असा शिक्का मारणं हीच तिथली परंपरा आहे.

दुपारी ढोबळे सर ऑर्डर घेऊन माझ्यापुढं उभे. "ताई, इथं चूक होऊन राहिली."

मी पाहिलं आणि डोक्यात उजेड पडला. दार लावलं. म्हटलं, "सर, तोंड बंद ठेवा. हा कागद घरी न्या आणि कपाटात ठेवा. यात ब्रेक नाही. पुढच्या जुलैत दुसरी ऑर्डर निघाली की तुमची सेवा सलग झाली. कळतंय का? अहो, लोक यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात."

"पण ही तारीख चुकीची आहे ना जी."

"चुकली ती मी चुकले. तुमचं काय जातं?"

 कागद घडी करून घेऊन गेले. मी मनात म्हटलं, सुटला बिचारा. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते पुन्हा हजर. ऑर्डरवर 'तीस जून'वरून पट्टीनं एक रेघ मारलेली, खालची तारीख व्यवस्थित वाचता येणारी, शेजारी 'एकतीस मे', आणि बारीक सही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तुम्ही तोंड धुवायला गेलात?" मी विचारलं, "वहिनी काय म्हणाल्या?"

"ती काय म्हणणार," ते म्हणाले. मग कागद माझ्यापुढं सरकवत, "वीस वर्षाच्या पोराला मी रीडिंग बदलू देत नाही ताई. आणि मी स्वतः चुकीच्या तारखेवर कायम होऊ? जागेची जाहिरात येईल ना कधीतरी. तेव्हा सरळ मार्गानं होऊ."

खरं सांगते, तो कागद मी दाबून ठेवू शकले असते. सरकारी कागद कसा हरवावा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आठ दिवस ड्रॉवरमध्ये पडला असता, मग महिना, मग कुणाला आठवलंही नसतं. पण मी रागावले होते. एवढा चांगुलपणा दाखवायचाय ना, घ्या मग, म्हणून अर्ध्या तासात शुद्धिपत्रक टाईप करून मी वर पाठवून दिलं. रागाच्या भरात एवढ्या झटपट मी दुसरं कुठलंही काम केलेलं नाही.

जाहिरात यायला आणखी चार वर्षं लागली. त्यांचं बारावं वर्ष ते, आणि माझं शेवटून दुसरं. ऑगस्टमध्ये कळलं की आमच्या विभागाला एक कायम जागा मंजूर झाली, प्रयोगशाळेसाठीच. शेलारनं पेढे आणायची भाषा केली. मी त्याला दटावलं, कारण त्या बातमीला दुसरी बाजू होती: जागा भरली गेली की त्या जागेवरचा कंत्राटी माणूस आपोआप जातो. म्हणजे ढोबळे सर एकतर कायमचे राहणार, नाहीतर कायमचे जाणार. अधलंमधलं काही उरलं नव्हतं.

अटींच्या यादीत सातवी अट होती: 'विद्यापीठ स्तरावर किमान एक वर्षाचा सलग अध्यापन अनुभव.' मी ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला. खाली प्रयोगशाळेत गेले. ते पोरांना स्पेक्ट्रोमीटर लावून देत होते. मी अटीवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं.

"बारा वर्षं झाली ना जी मला इथं," ते म्हणाले.

"सलग, सर. सलग म्हटलंय."

"समितीत माणसंच बसतात ना? यंत्र थोडीच आहे. पाहतील ते." यंत्राच्या बाबतीत हा माणूस तीनतीनदा खात्री करून घ्यायचा, आणि माणसांच्या बाबतीत असा बेफिकीर. मला वाटतं, ही एकच मोजणी त्यांना आयुष्यभर जमली नाही.

दिवाळीनंतर विभागात मूल्यांकन समिती यायची होती. असल्या समित्या येतात तेव्हा काय होतं ते सांगायला नको. भिंती रंगल्या, नर्सरीतून कुंड्या भाड्यानं आल्या, बंद पडलेल्या यंत्रांवर 'देखभाल सुरू' अशा चिठ्ठ्या लागल्या. प्राध्यापकांची संख्या कमी भरत होती, म्हणून दोन दिवसांसाठी कंत्राटी माणसं पूर्णवेळ झाली. ढोबळे सरांना एका रिकाम्या खोलीत बसवलं आणि दारावर पितळी पाटी लावली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नावाची पाटी. जाता-येता ते तिच्याकडं पाहत नव्हते, पण पाहत नाही हे लोकांना दिसेल अशा बेतानं. समितीनं त्यांच्या प्रयोगशाळेचं फार कौतुक केलं, अहवालात तसं लिहिलंही. तिसऱ्या दिवशी शेलार स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाटी काढायला गेला आणि पाटी न काढताच माझ्याकडं परत आला. "मॅडम, मला नाय जमणार, तुमी दुसऱ्याला सांगा." शेवटी सरांनीच खिशातला टेस्टर काढला आणि चारही स्क्रू काढून पाटी माझ्या टेबलावर आणून ठेवली. वर म्हणाले, "एक स्क्रू पिळला गेला होता, बदलून टाका."

अर्जांची छाननी मार्चच्या सुरुवातीला झाली. माणसं बसली होती खरी, पण त्यांच्यापुढं रकाने होते. 'सलग अनुभव' या रकान्यात बाबूनं लिहिलं: अकरा महिने. शेरा: अपात्र. मुलाखतीलाही बोलावणं नाही. आमच्या प्रमुखांनी दोन ओळींचं पत्र वर पाठवलं. भला माणूस, पण तिसरी ओळ लिहायची त्यांची छाती नव्हती. त्या पत्राला उत्तर आलं नाही.

यादी मीच टाईप केली, आणि मीच खाली घेऊन गेले. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला चाललं नसतं.

ते वाचून म्हणाले, "अपात्र म्हणजे अर्जाला ना ताई? शिकवायला नाही ना?"

"अर्जाला हो. अर्जालाच."

मग ते बोटांवर मोजायला लागले. मला ते बघवेना. "फेब्रुवारीपर्यंत एकशे एकोणतीस महिने झाले माझे," ते म्हणाले. "आणि लागत होते बारा. फक्त लागोपाठ पाहिजे होते."

मला रडू आवरेना. म्हटलं, "अहो, तो एक कागद ठेवला असतात तर! जमले असते लागोपाठ बारा!" त्यांनी घाईनं दाराकडं पाहिलं, बाहेर मुलं होती. "हळू बोला जी," म्हणाले. "पोरं ऐकतील." त्यांना लाज वाटत होती. कशाची, ते मला तेव्हा समजलं नाही.

मेअखेरपर्यंत त्यांनी एकही तास बुडवला नाही. ज्या बाईंची निवड झाली त्या चांगल्या होत्या, तरुण, मनापासून शिकणाऱ्या. सरांनी त्यांना आठ दिवस बसून प्रत्येक यंत्राचा स्वभाव समजावला, कुठलं तापलं की फसवतं, कुठलं गार असताना. आपल्या जागी आलेल्या माणसाला इतकं कुणी सांगतं का? मी असते तर पंपाची झडपही दाखवली नसती. एकतीस मेला त्यांनी माझं पेन परत केलं, प्रमुखांना नमस्कार केला आणि गेले. निरोपसमारंभ फक्त कायम माणसांचा होतो, त्यामुळं तो प्रश्न आलाच नाही.

जूनच्या दुसऱ्या रविवारी ते आर्वीला परत निघणार होते. पुण्यात दुसरं काही जमलं नव्हतं. खूप ठिकाणी विचारलं, सगळीकडं तेच अकरा महिने, आणि तेसुद्धा तिशीतल्या पोरांना. गावी भावाचं कृषी अवजारांचं दुकान होतं, तिथं बसणार होते. मुलीला आधीच आजीकडं पाठवलं होतं. मी सकाळी मंडईतून जांभळं घेतली आणि वारज्याला गेले. दोन खोल्यांतलं सामान खाली टेम्पोत चढत होतं. सर खाली दोरी बांधत होते. वर वहिनी एकट्या. मी त्यांना यापूर्वी दोनदाच भेटले होते. हसतमुख, ठसठशीत बाई. कप बांधले गेले होते म्हणून स्टीलच्या पेल्यात चहा दिला. "बसा ना ताई," म्हणाल्या, "पण बसायला काही उरलं नाही." आम्ही दोघी खिडकीच्या कट्ट्यावर टेकलो.

तेवढ्यात सर वर आले, शेवटची पेटी न्यायला. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. बारा वर्षं नुसते टोमणे मारले होते त्या माणसाला. म्हटलं, "वहिनी, असा माणूस लाखात सापडायचा नाही. अहो, पूर्ण वर्षाची ऑर्डर हातात आलेली, नुसती कपाटात ठेवली असती तर आज कायम असते. पण हा माणूस स्वतः रेघ मारून परत आणून देतो!"

वहिनींनी पेला खाली ठेवला. "कोणती ऑर्डर?"

सर दारात पेटी धरून तसेच उभे. "काही नाही, जुनी गोष्ट आहे," म्हणाले.

"ताई, तुम्ही सांगा."

 आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं आणि जमलं नाही. सांगितलं सगळं. चूक कशी झाली, काय तारीख होती, दुसऱ्या दिवशी काय झालं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या.

"म्हणजे तो कागद असता," त्या म्हणाल्या, "तर ह्यांचं एक वर्ष सलग झालं असतं?"

"हो."

"आणि आम्ही इथंच राहिलो असतो?"

"बहुतेक, वहिनी."

त्या सरांकडं वळल्या. आवाज चढला नाही. "मला काहून नाही सांगितलं?"

सरांनी पेटी खाली ठेवली. "सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असती," ते म्हणाले. "आणि मग मला ते करता आलं नसतं."

 खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. वहिनी उठल्या, दोन्ही पेले मोरीत विसळले, पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकले. कुलूप लावलं. मी जिना उतरताना काहीतरी बोलले असेन, काय ते आठवत नाही. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असंच मनात चाललं होतं.

टेम्पोत ड्रायव्हरशेजारी दोघांची जागा होती. वहिनी आत चढल्या, सरांना म्हणाल्या, "सामान हलंल. तुम्ही मागं बसा." आणि दार ओढून घेतलं. सर मागच्या बाजूला चढले आणि पलंगाच्या पाट्या आणि पुस्तकांच्या खोक्यांमध्ये, माझ्याकडं तोंड करून बसले. आर्वी सहाशे किलोमीटरच्या वर आहे. मी हात हलवला. त्यांनी मान हलवली. माझ्यावर राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. मग ते माझ्याकडं बघतही नव्हते. अर्धवट वळून, केबिनच्या मागच्या काचेतून ते पुढं बघत होते, आणि टेम्पो नाक्यावर वळून दिसेनासा झाला तोपर्यंत पुढून कुणी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.